बिनकावळ्याचा चौक

...नाही म्हणजे नाही! एक नाही! औषधालासुद्धा नाही! अहो, एवढा थोरला चौक, अख्खा कोळीवाडा जाळ्यांसकट त्यात वाळत घालावा आणि वर जागा उरावी, तीन बाजूंनी कमानीच कमानी, चौथ्या बाजूला घुमटांचं देऊळ, खाली दगडी फरशी, वर मोकळं आभाळ, आणि त्या एवढ्या आभाळात कावळा... नाही! तुम्हाला सांगतो, या गोऱ्यांनी आगगाडी काढली, तारायंत्र काढलं, रस्त्यात गॅसचे दिवे लावले, पण चार कावळे ठेवायची अक्कल नाही त्यांना! मग माणूस मेलं तर करायचं काय? हसताय? हसा! तुम्ही गिरगावातली माणसं, तुमच्याकडे कावळा खिडकीतून येतो, ताटातली भाकरी उचलतो, तुम्ही त्याच्या नावानं बोटं मोडता. मोडा, मोडा! परमुलखात आपलं माणूस गमवायची पाळी आली म्हणजे... नको, शिव शिव, कुणावर नको ती पाळी. पण आली की मग कळतं. कावळा पाहिजे म्हणजे कावळाच पाहिजे!

आता हे झालं कुणाचं, तर आमच्या हरेश्वरचं. आमचा म्हणजे काय, मी मालवणकडचा, गिरणीत कामाला, पण खोली माझी माझगावात, कोळीवाड्याला अगदी खेटून. समोरच्या दारात काशीबाई. तिचा थोरला महादेव आणि धाकटा हा हरेश्वर. बापूस लहानपणीच दर्यात गेला, म्हातारीनं मासळीच्या पाट्या डोक्यावर वाहून दोघांना वाढवलं. आणि वाढून काय केलं पोरांनी? घरची होडी किनाऱ्याला ओढून ठेवली आणि गोऱ्याच्या आगबोटीवर खलाशी लागले! मी तेव्हाच म्हटलं होतं, अरे, असं करू नका. पण माझं ऐकतो कोण? म्हणे काका, गोदी बांधली, भराव घातले, मासळी लांब गेली, होडीवर पोट भरत नाय. बरं, बोटीत भरलेलं काय? तर रुई! आमच्या मुंबईची रुई, तिकडे नेऊन सूत काढायला! का हो? आमच्या गिरण्या काय मेल्या होत्या? पण ते राहू दे, ते मी दुसऱ्या कुठल्या दिवशी भांडेन.

तर बोट लागली वेनिसला. हे वेनिस म्हणजे गाव कसं, तर रस्ताच नाही! गल्लोगल्ली पाणी. दाराशी होडी, बाजाराला होडी, नवरी निघाली होडीतून, मढं निघालं होडीतून. काशीबाईला हे सांगितलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "म्हंजे आपलेच लोक की रं ते!" आपलेच! अहो, पण पाण्याला पाणी म्हणून काय सगळं सारखं होतं? शिमग्याचे दिवस, इकडे आपण उघड्या अंगानं फिरतोय, आणि तिकडे असलं धुकं, असलं गार वारं, की बोलायला तोंड उघडलं तर वाफ! महादेवच्या अंगात काय? एक बंडी आणि गोणपाट. जन्म पाण्यात गेला त्या माणसाचा, तुफानात भिजला, भरतीत भिजला, कधी शिंकला नाही. तिथे बिन भिजताच गेला. आधी ताप, मग छातीत कळ, मग बोलणं बंद. गोरा डॉक्टर आला, लांबूनच बघितलं, लांबूनच मान हलवली, आणि पायाला पाय लावून पळाला.

आणि तुम्हाला सांगतो, सगळं दुखणं तिथंच आहे... की तो काही बोलला नाही. मरताना माणूस काहीतरी बोलतो की नाही? पाणी द्या म्हणतो, पोरांना बघा म्हणतो. हरेश्वर उशाशी बसून विचारतोय, "दादूस, काय सांगायचंय का? आयेला काय सांगू?" आणि दादूस नुसता डोळे उघडे ठेवून वरच्या लोखंडाकडे बघतोय. तसाच गेला! कशात जीव अडकला होता, होता की नव्हता, काही कळू दिलं नाही. बरं, जाळावं म्हटलं तर कप्तान म्हणतो, परवानगी नाही. त्या गावात मेलेल्यांसाठी वेगळं बेट आहे म्हणे, तिथे नेलं काळ्या होडीतून, पेटी केली, खड्डा केला, एक पाद्री आला, तो कुणाच्या देवाला काय बोलला कुणास ठाऊक. हरेश्वरनं मूठभर माती टाकली. काशीबाईचा थोरला... आणि तो असा पुरला गेला, परक्या मातीत, वर नाव नाही, गाव नाही.

मग आला दहावा. आता दहाव्याला काय लागतं? भात लागतो. तो बोटीवरच्या भंडाऱ्यानं शिजवून दिला, भला माणूस, तीळसुद्धा कुठून तरी पैदा केले. पाणी लागतं, तिथे पाण्याला तोटा नाही. आणि कावळा लागतो! हरेश्वर सकाळपासून डेकवर उभा राहून आभाळ बघतोय. पांढरी दर्यापाखरं घिरट्या घालतायत, पण कावळा... काय म्हणालात? दर्भाचा कावळा करायचा? वा! फार शहाणे तुम्ही! वेनिसात दर्भ कुठला आणणार? आणि आणला असता तरी त्या गवताच्या कावळ्याला काय कळणार, मेलेल्याचं काय राहिलंय ते? खरा कावळा अडून बसतो, मान वाकडी करून बघतो, आपण हात जोडून वचन देतो, आणि मनातलं सापडलं की मगच तो शिवतो. गवत काय करणार? कावळा पाहिजे म्हणजे कावळाच पाहिजे!

त्यांच्या खलाशांचा सारंग, म्हणजे मुकादम, होता दाऊद. रत्नागिरीकडचा मुसलमान, दाढीवाला, तोंडानं तिखट. दोन वर्षांमागे इथे मुंबईत दंग्यात आपण एकमेकांची डोकी फोडली, आठवतंय ना, भिंतीआड बसून राम राम करत होतो सगळे. आणि तिथे हा दाऊद सारंग कप्तानाशी भांडला, म्हणाला, पोराला आज सुट्टी पाहिजे, नाय तर मीच काम टाकतो. मग हरेश्वरला म्हणाला, "पाखरू पायजे ना रे तुला? चल. एक जागा हाय. हजार पायजे तर हजार घे." आणि नेलं त्याला त्या चौकात. सान मार्कोचा चौक. मार्को म्हणजे त्यांचा कुणी संत. शेकडो वर्षांचा जुना चौक म्हणे, किती राजे आले, किती गेले, किती जणांच्या वराती निघाल्या आणि किती जणांची मुंडकी उडाली, सगळं त्या फरशीनं पाहिलंय.

हरेश्वर होडीतून उतरला, हातात कथलाची थाळी, थाळीत पिंड, अंगावर ओला पंचा, दात कडाकडा वाजतायत. पाण्याच्या काठालाच दोन उंच खांब, एकावर पंखवाला सिंह. पाणी जवळ, जागा मोकळी, कुणी माणूस नाही. त्याला वाटलं, बरं झालं! थाळी ठेवायला वाकला, तेवढ्यात एक म्हातारी शाल सावरत धावत आली, याचा दंड धरला आणि ओढलं की फरफटत! काय बोलत होती देव जाणे, पण बोटानं दोन खांबांच्या मधली जागा दाखवत होती, मग स्वतःच्या गळ्याभोवती बोट फिरवून जीभ बाहेर काढून दाखवत होती. सारंग म्हणाला, "अरे हट तिथून! पयले तिथं फासावर द्यायचे!" म्हणजे बघा नशीब! अख्ख्या चौकात एक जागा रिकामी, ती का रिकामी, तर गावचं कुणी तिथे पायसुद्धा ठेवत नाही, आणि आमच्या हरेश्वरला भावाचा पिंड ठेवायला तीच सापडावी! म्हातारीनं छातीवर क्रूस काढला, याच्याही छातीवर काढला, आणि गेली. हा थाळी घेऊन मधोमध.

आणि मधोमध काय? पारवे! अहो, पारवे! फरशीवर पारवे, कमानीवर पारवे, देवळाच्या दारावर तांब्याचे चार घोडे आहेत, त्या घोड्यांच्या डोक्यावर पारवे! मडमा टोप्या घालून आल्यात, हातावर दाणे धरलेत, पारवे हातावर बसतायत, साहेब खुशीत हसतायत, पलीकडे बाजा वाजतोय, लोक खुर्च्या टाकून कॉफी पितायत. सारंग म्हणतो, "हे घे! बोललो होतो ना?" हरेश्वर म्हणतो, "चाचा, हा पारवा." "मग?" "पारवा नाय चालत. कावला पायजे." "अरे, पाखरू ते पाखरू!" "नाय चाचा, कावला पायजे म्हंजे कावलाच पायजे!"

आणि मग सुरू झालं. यानं थाळी ठेवली, पाणी फिरवलं, हात जोडले, दोन पावलं मागे सरला... की आला एक पारवा टुकूटुकू चालत. "हाड!" यानं पंचा झटकला. मागून दोन आले. "हाड, हाड!" डावीकडून पाच आले. हा इकडे धावतोय, तिकडे धावतोय, ओला पंचा गरगर फिरवतोय, "हाड हाड हाड!" आणि तुम्हाला सांगतो, त्या चौकात पिढ्यानपिढ्या जो येतो तो पाखरांना बोलवायला येतो, लांब लांबच्या मुलखातून पैसे खर्चून येतो, आणि हा एकटाच असा, की स्वतः भात घेऊन आलाय आणि खाणाऱ्याला हाकलतोय! मडमा ओरडायला लागल्या, बाजावाल्यांनी बाजा थांबवला, एक साहेब काठी उगारून आला, त्याला वाटलं, हा काळा माणूस भातात विष घालून पाखरं मारायला आलाय. आला पोलिस! डोक्यावर आडवी टोपी, टोपीला पिसं, कमरेला तलवार. बोट नाचवून बोलायला लागला. हा हात जोडून मराठीत सांगतोय, "साहेब, माझा भाऊ मेलाय." तो त्याच्या भाषेत ओरडतोय. हा आणखी मोठ्यानं मराठीत ओरडतोय! मोठ्यानं बोललं की कळतं, असं आपल्याला वाटतं ना!

शेवटी दाऊद सारंग मध्ये पडला. सारंगाला त्यांच्या भाषेतले चारच शब्द येत होते. पाणी, पाव, केवढ्याला, आणि मेला. हा चौथा नऊ-दहा दिवसांमागेच शिकला होता, बेटावर. तो त्यानं म्हटला. बोटानं आधी हरेश्वरला दाखवलं, मग थाळीला दाखवलं, मग बेट होतं तिकडे दाखवलं आणि तो शब्द परत म्हटला. पोलिसानं बोट खाली घेतलं. मग हळूच टोपी काढली, बगलेत धरली, आणि लोकांना हातानं मागे सारलं. तेवढ्यात आला एक पारवा थाळीकडे. हरेश्वरनं पंचा उचलला... आणि काय सांगू तुम्हाला, त्या पोलिसानंच बगलेतली टोपी काढून पारव्याला हाणली! पिसं उडाली, पारव्याची नव्हे, टोपीची! मग एका बाजूला हरेश्वर, एका बाजूला पोलिस, एका बाजूला सारंग, असे तिघे पहारा करायला लागले. पारवे थक्क! सात पिढ्यांत असं कुणी वागलं नव्हतं त्यांच्याशी.

पारवे थोपवले, पण कावळा? कावळा कुठे होता? हरेश्वर आभाळाकडे तोंड करून वचनं द्यायला लागला. "दादूस, तुझी होडी इकनार नाय!" बघतोय. आभाळ कोरडं. "दादूस, तुझ्या दोन्ही पोरींची लगनं मी लावीन!" काही नाही. "दादूस, वैनीनं पाट लावला तर मी आडवा येनार नाय!" हे म्हणताना त्याचा आवाज जरा बसला, खरं बोलायचं तर, पण म्हटलं त्यानं. काही नाही. "पुढच्या शिमग्याला होलीचा सोट तू आनायचास तसा मी खांद्यावर आनीन!" काही नाही! अहो, असेल तर येईल ना! वर उंच मनोऱ्यावर दोन पुतळे उभे आहेत, काळेकुट्ट, हातात घण, घंटा बडवायला. हरेश्वर मला सांगताना म्हणाला, "काका, त्या गावात माझ्या रंगाचे तेवढे दोघंच, आनि त्यांना पन कामाला लावलेलं." ते दोघे वरून बघतायत, हा खालून बघतोय, आणि मधलं सगळं आभाळ रिकामं.

आता एक वचन उरलं होतं. त्यानं ते मुद्दाम राखून ठेवलं होतं, शेवटचं. आईचं. आपल्यात माहीत आहे सगळ्यांना, कावळा कशालाच बधेना की शेवटी आईला पुढे करतात. आई म्हणते, "जा बाबा, माझी काळजी करू नको." की मेलेल्याचा पाय निघतो. आता आई तर माझगावात. म्हणून हरेश्वरनं ठरवलं, आपणच म्हणायचं, तिच्या वतीनं. हात जोडले, डोळे मिटले, "दादूस, आये सांगते..." एवढंच म्हटलं आणि वर त्या दोन काळ्यांनी घण उचलले. ठण्ण! ठण्ण!

त्या गावचा रिवाज असा, की दुपारी ती घंटा झाली म्हणजे पाखरांना दाणा. रोज. बापजाद्यांपासून. पारव्यांना पक्कं ठाऊक. ठण्ण झालं आणि चारी बाजूंनी आभाळच खाली आलं! हजार होते, दोन हजार होते, कोण बघतो? कमानींवरून, घोड्यांवरून, मनोऱ्यावरून, फडफड फडफड फडफड, पोलिस दिसेना, सारंग दिसेना, सूर्य दिसेना! हरेश्वर दोन्ही हात पसरून थाळीवर आडवा पडला, त्याच्या पाठीवर पारवे, मानेवर पारवे, बगलेतून पारवे! आणि उडाले तेव्हा... थाळी लख्ख. एक शीत नाही. दाऊद सारंगानं त्याला उठवलं, पाठ झटकली. "झालं ना रे? खाल्लं ना पाखरांनी? अल्ला कबूल करेल." हरेश्वर रडत होता. "चाचा, ते भूक लागली म्हनून खाल्लं! दादूससाठी नाय खाल्लं!"

परत येताना म्हाताऱ्या सारंगानं पोराचं मन रमवावं म्हणून गोष्ट सांगितली. म्हणे हे जे देऊळ आहे ना, यातला तो संत, तो इथला नव्हेच. मिसरात, म्हणजे इजिप्तात, मेला. यांचे खलाशी गेले, मढं चोरलं, बोटीत घातलं, वर डुकराचं मांस रचलं, म्हणजे तिथले जकातवाले आपले मुसलमान भाऊ, ते हात लावणार नाहीत! असं आणलं, आणि केवढं देऊळ बांधलं बघ. सारंगाला वाटलं, पोरगं हसेल. पोरगं थांबलं. म्हणालं, "चाचा, म्हंजे त्यांनी त्यांचा मानूस घरी आनला?" "हां." "बोटीतून?" "हां रे." "आनि मी माझा इथं ठेवून चाललोय."

आणि इकडे? इकडे काशीबाईला गोदीतल्या एका बाबूकडून कळलं होतं. रडली, ओरडली, पुढल्या आठवड्यात पाटी घेऊन बाजाराला गेली. न जाऊन सांगते कुणाला? पण तेव्हापासून म्हातारी सारखी काहीतरी पुटपुटायची. विहिरीवर पुटपुटते, सुकटीला राखण बसते तेव्हा पुटपुटते. मी म्हटलं, "काशीबाय, काय चाललंय?" "काय नाय." एके दिवशी मी तिच्या मागेच होतो, तेव्हा ऐकू आलं. "जा माझ्या बाला, माझी कालजी करू नको. मी हाय बरी." दुसऱ्या दिवशी त्यात "मासली चांगली लागते सध्या" एवढं घातलेलं. तिसऱ्या दिवशी ते काढून टाकलं. अशी घोकत होती हो, शाळेतल्या पोरासारखी! तिला पक्कं वाटत होतं, परमुलखात कावळा शिवला नसणार. माझ्या शब्दाशिवाय कसा शिवेल? पोरगा माझ्यासाठी खोळंबून बसला असणार. तो इथे येईल, अडेल, आणि मग मला पुढे बोलावतील.

बोट लागली, हरेश्वर उतरला. ना कसा आहेस, ना काय खाल्लंस. म्हातारीनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. "कावला शिवला का रं?" हा खाली बघून म्हणाला, "नाय आये. पारवा शिवला." आणि शपथेवर सांगतो, मी तिथेच उभा होतो, त्या बाईच्या तोंडावर पहिल्यांदा जरासं बरं वाटल्यासारखं काहीतरी दिसलं. महादेवची बायको गुणवंती मागे उभी राहून हुंदके देतेय, आणि ही म्हणते, "वाटलंच मला."

रघुवीर पाटील, कोळीवाड्याचे पुढारी, त्यांच्याकडे पंचायत बसली. पारवा चालतो का? चार तास वाद! एक म्हणतो चालतो, पाखरू आहे. दुसरा म्हणतो, पारवा म्हणजे गुजराती शेटजींचं पाखरू, त्याचा आपल्याशी काय संबंध? शेवटी पाटलांनी निकाल दिला, कावळा पाहिजे म्हणजे कावळाच पाहिजे, इथे परत पिंड घाला. म्हटलं, बरं झालं बुवा! ज्याच्यासाठी पोरगं साता समुद्रापलीकडे आभाळ धुंडाळत होतं, तो इथे हवा तेवढा! माझगावचं बंदर, सुकत घातलेली मासळी, माणसापेक्षा कावळे जास्त.

गेलो सगळे किनाऱ्यावर. पुरुष पुढे, बायका मागे. काशीबाई सगळ्यात मागे, धुवट लुगडं नेसलेली, ओठ हलतायत. हरेश्वरनं पान मांडलं. पिंड ठेवला. पाणी फिरवायला तांब्या वाकडा केला, अजून पाणी पडायचं होतं हो... आणि झप्! आला, उचलला, गेला! एक क्षण नाही! ना मान वाकडी केली, ना अडला, ना वचन ऐकलं. हरेश्वरचं तोंड उघडंच. मग एकदम सगळे बोलायला लागले, "वा, वा! मोकला झाला! पुण्यवान जीव! काय राहिलं नव्हतं मनात!" रघुवीर पाटील म्हणाले, असा झटकन शिवलेला कावळा मी उभ्या जन्मात पाहिला नाही. लोक आंघोळीला पांगले. खूश सगळे!

आणि म्हातारी तिथेच. अर्धं पाऊल पुढे टाकलेलं, तसंच. हरेश्वर जवळ गेला. "आये, झालं. सुटला दादूस." ती म्हणाली, "मला कुनी बोलावलंच नाय." "आये, गरजच पडली नाय." "गरज पडली नाय..." म्हातारीनं ते दोनदा म्हटलं. मग म्हणाली, "एवढ्या लांबून आला, दारात आला, आनि थांबला पन नाय? माझ्यात काय अडकलंच नव्हतं का रं त्याचं?"

हरेश्वरनं बोलून टाकलं, "आये, तो भुकेला होता गं. नुसता कावला होता. भात दिसला, उचलला." म्हातारीनं वर बघितलं. "म्हंजे दादूस सुटला नाय?" सुटला म्हणावं, तर आईसाठी क्षणभर थांबला नाही. थांबलाय म्हणावं, तर सुटला नाही. इकडून म्हणावं की तिकडून म्हणावं? आणि म्हातारीनं डोळे पुसले. चटकन उठली. "मग उद्या परत घालू," म्हणाली.

घातला. दुसऱ्या दिवशी घातला, कावळ्यानं उचलला. तिसऱ्या दिवशी हरेश्वर म्हणाला, "आये, आधी तू बोल, मग मी ठेवतो." तर म्हातारी म्हणते, "असं कसं? तो अडल्याशिवाय मी बोलू कशाला? त्याला माझी आठवन झाली, हे मला कलायला नको?" पाटलांनी समजावलं, गुणवंतीनं हात जोडले, मी चांगला ओरडून सांगितलं, काशीबाय, कावळे माजतायत, भात महाग झालाय! ऐकेल तर शपथ. आज पावसाळा तोंडावर आला, रोज सकाळी मायलेक बंदरावर. पोरगं मुकाट्यानं पान मांडतं, बोटीवर जायचं नाव काढत नाही. म्हातारी दोन हातांच्या अंतरावर उभी, ओठावर वाक्य तयार, "जा माझ्या बाला..." आणि झप्! रोज. तरी परत येताना मला दारात बघून रोज म्हणते, "आज घाईत होता. उद्या थांबंल."

तुम्हाला सांगतो, एवढी मोठी ही मुंबई, एवढे पाटील, एवढे भटजी, एवढे शिकलेसवरलेले लोक, पण त्या मेल्या कावळ्याला, बाबा रे, एक दिवस जरा दम धर, एवढं सांगणारं कुणी नाही!